बायकोवरची शपथ

दसूक गावच्या पुरुषांना साधा आग्रह करता येत नाही. ते थेट शपथ घेतात, आणि ती स्वतःच्या जिवाची नव्हे, बायकोवरची. “जेवल्याशिवाय उठलास तर माझ्या बायकोला तलाक!” असं यजमान गरजतो. मग भरल्या पोटाचा पाहुणा मुकाट्याने पुन्हा ताटावर बसतो, आणि जिला त्याने आयुष्यात पाहिलेलं नाही अशा बाईचा संसार वाचवण्यासाठी भात भरून शिजवलेलं आणखी एक कबूतर खातो. खरबूज गोड आहे की नाही यावर हीच शपथ. काल गोल झाला तो बरोबर होता की नाही यावर हीच शपथ. बायका तिकडे घरात कांदा चिरत असतात, आणि आपला संसार आज किती वेळा पणाला लागला हे त्यांना संध्याकाळी शेजारणीकडून कळतं.

या प्रकाराला गावात नाक मुरडणारा एकच माणूस होता, रिफअत मास्तर. नदीकाठच्या मुलांच्या शाळेत तो तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र शिकवायचा. दरवर्षी पहिल्याच तासाला तो ही शपथ फळ्यावर लिहायचा आणि तिची चिरफाड करायचा. खरबुजाच्या गोडीचा आणि बायकोचा संबंध काय, ते सांगा! मुलं हसायची, आणि घरी जाऊन बापांना सांगायची. बापांना अर्थातच हा माणूस आवडत नसे.

तर हाच रिफअत मास्तर एका गुरुवारी दुपारी चहाच्या दुकानात बसला होता. समोर बयूमी न्हावी डॉमिनो खेळत होता. बयूमीचा हात केसांत चालतो त्याहून जीभ चुरूचुरू चालते.

“काय मास्तर, खरं का हो? तुमच्या विषयाचे तास कमी होणार म्हणे.”

“अफवा आहे.”

“होऊ द्यात की! मी तर म्हणतो, त्या तासाला पोरांना नळ दुरुस्त करायला शिकवा. पोरांचंही भलं, नळांचंही भलं.”

“बयूमी, माणसाला विचार करायला शिकवणं म्हणजे—”

“विचार? माझ्या खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक दुसरं करतं काय? त्याला शिकवणी लावावी लागत नाही. मी केस कापले की डोकं हलकं होतं, आंधळ्यालासुद्धा हात फिरवला की कळतं. तुम्ही आजवर कुणाचं काय हलकं केलंत?”

“पोरांचे मार्क!” कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

दुकान हसून हसून लोळलं. हुक्का ओढणाऱ्या एकाला ठसका लागला, त्याच्या पाठीत दोघांनी बुक्के मारले, आणि तोही खोकता खोकता हसतच होता. मास्तरचे कान लाल झाले. तो उठून उभा राहिला. सव्वीस वर्षं वर्गात सांभाळलेला तोल एका क्षणात गेला, आणि त्याच्या तोंडून खणखणीत आवाजात वाक्य बाहेर पडलं.

“तत्त्वज्ञान रोजच्या जगण्यात उपयोगी पडत नसेल, तर माझ्या बायकोला तलाक!”

डॉमिनोची सोंगटी उचललेला बयूमीचा हात हवेतच राहिला. हुक्क्याची गुडगुड थांबली.

“मास्तर,” बयूमी हळूच म्हणाला, “काय बोललात हो हे?”

मास्तर खाली बसला. काय बोललो हे त्याला जरा उशिरा ऐकू आलं होतं.

मग सगळे खुर्च्या ओढून जवळ आले, आणि अवघड प्रश्न सुरू झाला. इतरांच्या शपथांना बाहेर पडायला वाट असते. पाहुणा जेवला, सुटली शपथ. खरबूज कापलं, गोड निघालं, सुटली. पण ही? तत्त्वज्ञान उपयोगी पडतं हे कापून दाखवायचं कसं? एकाने म्हातारपणी पेन्शन मिळते ना, हाच उपयोग, असं सुचवलं. बयूमी म्हणाला, ती पेन्शन सरकारची आहे, तत्त्वज्ञानाची नव्हे. हळूहळू सगळ्यांचे चेहरे पडले.

“इन्शिराह बाई फार चांगल्या हो,” बयूमी म्हणाला. “माझी थोरली रसायनशास्त्रात पास झाली ती त्यांच्यामुळे.”

“सोन्यासारखी बाई,” दुसरा म्हणाला.

ही माणसं चक्क सांत्वनाला बसली होती. मास्तर चहा अर्धवट टाकून घरी पळाला.

बातमी त्याच्या आधी पोचलेली होती. दसूकमध्ये बातमी खिडक्याखिडक्यांतून जाते, माणसाला रस्त्याने यावं लागतं. इन्शिराह बाई दारातच उभ्या होत्या. त्या मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत, आणि त्यांच्यासमोर परीक्षानळीसुद्धा सरळ उभी राहते असं मुली म्हणत. त्यांच्या पायाशी बॅग होती.

“आलास? मुलूखियाची भाजी पातेल्यात आहे. गरम कर, पण उकळू देऊ नकोस, पाला तळाला बसतो.”

“इन्शिराह, अगं तो बोलण्याचा ओघ होता.”

“असेल. वाक्य काय होतं?”

मास्तरने जमिनीकडे बघत वाक्य पुन्हा सांगितलं.

“म्हणजे अट आहे. उपयोग सिद्ध झाला तर मी तुझी बायको. नाही झाला तर नाही. तर्कशास्त्र तूच शिकवतोस ना? मग कर सिद्ध. तोवर मी शलबीदादाकडे.”

“अगं, शेखसाहेब सांगतील की अशा शपथेने काही—”

“माझ्या प्रयोगशाळेत एखादी मुलगी म्हणाली, ‘बाई, द्रावण निळं झालं होतं, पण तुम्ही यायच्या आत गेलं,’ तर मी शून्य देते. मला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. उद्या जुम्म्याच्या नमाजानंतर ये.”

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात कुठे हसू दिसतंय का, हे मास्तरने निरखून पाहिलं. नव्हतं. ती चिडलेलीही नव्हती, आणि त्यानेच तो घाबरला. चिडलेली इन्शिराह त्याला चांगली ठाऊक होती, ती तासाभरात निवळते. ही शांत बाई कोण? तिने बॅग उचलली आणि जिना उतरली. मास्तरचं तिच्यावर प्रेम होतं, भरपूर होतं. ते तिला शेवटचं कधी सांगितलं होतं हे मात्र त्याला आठवेना. त्याने भाजी गरम केली आणि उकळू दिली.

संध्याकाळी तो मशिदीच्या शेख अब्दुल-मुईझकडे गेला. शेख प्रेमळ आणि दमलेला माणूस. रोज अशा चार-दोन शपथा त्याच्या ओसरीवर येत, आणि त्या सोडवायची त्याची पद्धत ठरलेली होती.

“मला एवढंच सांग रिफअत, बोलताना तुझ्या मनात काय होतं? खरंच तलाक द्यायचा होता, की नुसता जोर द्यायचा होता?”

इथे “जोर द्यायचा होता” एवढे तीन शब्द बोलायचे आणि घरी जायचं. गावातला महामूर्खही हे तीन शब्द बरोबर बोलत आला होता.

“प्रश्न चांगला आहे, शेखसाहेब,” मास्तर म्हणाला. “पण माणसाला स्वतःच्या मनात काय होतं हे नक्की कळतं का? मी आत्ता आठवतोय तो हेतू तेव्हाचा, की आत्ता सोयीसाठी तयार केलेला?”

शेखने डोळे मिटले. “बाळ, जोर द्यायचा होता ना?”

“तसं दिसतं. पण ‘दिसतं’ आणि ‘आहे’ यांत—”

“जोर द्यायचाच होता! मी सांगतो तुला काय होतं ते! तलाक झालेला नाही. दहा गरिबांना जेवू घाल, आणि ऊठ इथून!”

“पण माझा हेतू तुम्ही कसा काय—”

“ऊठ!”

मास्तरने दारातूनच शलबीच्या घरी फोन लावला. शेखसाहेबांनी सोडवलं, तलाक झालेला नाही, तू ये. पलीकडे इन्शिराह बाईंनी सगळं ऐकून घेतलं. “शेखसाहेबांचे आभार मान,” त्या म्हणाल्या. “धर्माचं काय ते त्यांनी सांगितलं. माझं काय ते मी सांगेन. उद्या, नमाजानंतर.” आणि फोन ठेवला.

आता सिद्ध करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. शुक्रवारी सकाळी मास्तर उपयोग शोधायला बाहेर पडला. बयूमी साक्षीदार म्हणून मागोमाग निघाला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण आग आपण लावली या विचाराने त्याला रात्रभर झोप नव्हती, आणि शिवाय पुढे काय होतं हे बघायचंही होतंच.

गल्लीच्या टोकाला दोन शेजाऱ्यांची गच्चीवर जुंपली होती. एकाचं पांढरं कबूतर दुसऱ्याच्या ढाबळीत जाऊन बसलं होतं. पहिला म्हणे माझं आहे, परत दे. दुसरा म्हणे माझ्या ढाबळीत आलं, माझं झालं. या वादात दसूकमध्ये डोकी फुटलेली आहेत. मास्तरचे डोळे चमकले. तो जिना चढून वर गेला आणि दोघांच्या मध्ये उभा राहिला.

“थांबा. आधी ‘माझं’ म्हणजे काय ते ठरवू या. विकत घेतलं म्हणून माझं? दाणे घातले म्हणून माझं? आणि कबूतर जर आपल्या पंखांनी घर बदलून गेलं असेल, तर त्याच्या मर्जीचं काय? त्याला कुणी विचारलंय?”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

“हा काय म्हणतोय?”

“म्हणतोय कबुतराला विचारा.”

“सकाळी सकाळी आपली थट्टा करायला आलाय का हा?”

एकाने झाडू उचलला, दुसऱ्याने पाण्याची बादली. मास्तर दोन दोन पायऱ्या गाळत खाली आला. वर दोघे खदाखदा हसत होते, आणि थोड्या वेळाने एकाने दुसऱ्यासाठी चहा मागवल्याचं ऐकू आलं.

“बघ!” मास्तर ओला सदरा पिळत म्हणाला. “भांडण मिटलं! हा उपयोग नाही तर काय?”

बयूमीने प्रामाणिकपणे विचार केला. “मास्तर, ते तुम्हाला हाकलायला एक झाले. पिसाळलेलं कुत्रं वर गेलं असतं तरी एक झाले असते.”

या युक्तिवादात खोट काढता येईना. मास्तरने तर्कशास्त्राच्या अंगाने दोनदा प्रयत्न केला आणि मग नमाजाला गेला.

नमाज झाल्यावर तो शलबीच्या दारी पोचला तेव्हा मागे बयूमी होता, आणि चहाच्या दुकानातलं निम्मं गिऱ्हाईक खिडकीखाली मुद्दाम काही काम असल्यासारखं रेंगाळत होतं. हाजी शलबी हा इन्शिराहचा थोरला भाऊ, लाकडाच्या वखारीचा मालक. माणूस दिलदार आणि धिप्पाड. त्याने मेहुण्याला कवेत घेतलं आणि सवयीने गरजला, “ये, ये रिफअत! आज जेवल्याशिवाय गेलास तर माझ्या बायकोला तलाक!”

मग आतून शलबीची बायको करीमान ओढणीला हात पुसत बाहेर आली. तिने कबुतरं भरायला सकाळी सूर्य उगवायच्या आत सुरुवात केली होती.

“रिफअतभाई,” ती म्हणाली, “एक घास जरी तोंडात घातलात तर माझ्याशी गाठ आहे. जाऊ दे ह्यांची शपथ वाया. मला बघायचंच आहे एकदा, काय होतं ते.”

“अगं करीमान, मी आपलं प्रेमाने—”

“प्रेमाने म्हणायचं असेल तर ‘जेव’ म्हणावं. मला कशाला मध्ये घालता?”

शलबीने मेहुण्याकडे पाहिलं, मेहुण्याने ताटाकडे. कबुतरांचा खमंग वास सुटला होता, आणि कालच्या तळाला लागलेल्या भाजीनंतर मास्तरच्या पोटात काही गेलेलं नव्हतं. त्याने हात मागे बांधले आणि समोर बघितलं. इन्शिराह बाई भिंतीजवळच्या कोचावर बसल्या होत्या.

“दाखव,” त्या म्हणाल्या.

मास्तरने घसा साफ केला. “सर्वप्रथम उपयोग या शब्दाची व्याप्ती—”

“ते राहू दे. मी एक प्रश्न विचारते, त्याचं उत्तर दे. तुझी खात्री होती ना, तत्त्वज्ञान उपयोगी आहे म्हणून?”

“पूर्ण खात्री.”

“मग पणाला तुझी पुस्तकं का नाही लावलीस? तुझी नोकरी? मिशी? मिशी तरी लावायचीस. त्या दुकानात वीस-पंचवीस माणसं होती, मी नव्हते. जी तिथे नव्हती तीच नेमकी पणाला कशी लागली?”

“अगं, ती बोलायची एक पद्धत आहे. सगळेच—”

“सगळ्यांचं मला ठाऊक आहे. त्यांना कुणी शिकवलेलं नाही. तू दरवर्षी हीच शपथ फळ्यावर लिहून पोरांना हसवतोस. आणि आज सकाळी गच्चीवर चढून विचारलंस म्हणे, कबुतराच्या मर्जीचं काय. साऱ्या गल्लीला ऐकू गेलं.” बाईंचा आवाज पहिल्यांदाच हलला. “कबुतराची चौकशी केलीस, रिफअत. चांगलं केलंस.”

खिडकीखालची माणसं आता उघड उघड कान देऊन उभी होती.

मास्तरकडे उत्तरं होती, सव्वीस वर्षांची साठवलेली. रूढीचा पगडा, रागातली भाषा, जमावाचं दडपण. तिन्ही मुद्दे जिभेवर रांगेत उभे होते. पण प्रश्न खरा होता, आणि खरा प्रश्न समोर आला की त्याच्यावर खरोखर विचार करायचा, एवढं एक तरी त्याने आयुष्यभर शिकवलं होतं. ते करायची वेळ स्वतःवर अशी कधी आलीच नव्हती. तो उभ्या उभ्या विचार करू लागला. इतका वेळ गेला की शलबीने त्याच्यासाठी खुर्ची सरकवली, आणि ती त्याला दिसली नाही.

“पुस्तकं लावली नाहीत,” तो शेवटी म्हणाला, “कारण ती जातील अशी भीती वाटली असती. तू जाशील हे मनातच आलं नाही. तू असतेसच, असं धरून चाललो. म्हणजे तुझा विचार करून मी तुला पणाला लावलं नाही. तुझा विचारच केला नाही.” त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याला त्याची लाज वाटली नाही. “चूक झाली माझी.”

इन्शिराह बाई थांबल्या. लग्नापासून या माणसाने “चूक झाली” हे दोन शब्द उच्चारले की लगेच मागून “पण” येत असे, आणि “पण”च्या मागून अर्धा तास व्याख्यान. त्यांनी वाट पाहिली. खोलीतल्या सगळ्यांनी पाहिली. मास्तरचे ओठ एकदा हलले. त्याने ते मिटले आणि तो तसाच उभा राहिला.

“झालं?” त्या म्हणाल्या.

“झालं.”

“पुढे काही नाही?”

“नाही.”

त्या उठल्या. “चल घरी. पण ते पातेलं तू घासायचंस. तळाला लागलं असणार.”

“हो,” मास्तर म्हणाला.

“अहो पण थांबा,” बयूमीला राहवेना, “यात तत्त्वज्ञान कुठे आलं? नुसती माफी मागितली की हो ही!”

“बयूमी,” इन्शिराह बाई म्हणाल्या, “आपण काय बोललो यावर थांबून विचार करणारा पुरुष तुम्ही या गावात आधी कधी पाहिलाय?”

बयूमीने आठवायचा प्रयत्न केला. खुर्चीत बसलेली, तासन्‌तास विचार करणारी सगळी डोकी त्याच्या डोळ्यांसमोरून गेली. मग त्याला स्वतःचं कालचं बोलणं आठवलं. काल सकाळी कात्री कुणी हलवली यावरून त्याने हीच शपथ घेतली होती, आणि कात्री त्याच्याच खिशात निघाली होती. तो घाईघाईने निघाला. “जरा घरी जाऊन येतो,” तो म्हणाला. त्याच्यामागे खिडकीखालची माणसंही एकेक करून पांगली, आणि चहाच्या दुकानाकडे मात्र त्यातलं कुणीच गेलं नाही.

मास्तर आणि बाई दाराशी पोचले तेवढ्यात शलबी कळवळून ओरडला, “अरे, जेव की रे! माझ्या शपथेचं काय?”

करीमानने ताटावर झाकण ठेवलं, खुर्ची ओढली आणि नवऱ्यासमोर बसली.

“त्यांना जाऊ द्या,” ती म्हणाली. “तुम्ही सांगा. मला का लावलंत?”

हाजी शलबीने मेहुण्याकडे मदतीसाठी पाहिलं. तत्त्वज्ञानाच्या मास्तरने नाही म्हणून मान हलवली आणि जाता जाता दार हळूच ओढून घेतलं. एवढ्या मोठ्या वखारीचा मालक, पण त्याला त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा विचार करावा लागत होता.